कलमाच्या चाकूची बैठक

जिंतूरच्या बाजारात मी अडतीस वर्षं धार लावली, आणि त्यातली निम्मी समोरच्या दुकानाकडं बघण्यात गेली. समोर गफूरचं दुकान. मधे वीस पावलांचा रस्ता. माझ्याकडं विजेच्या दोन मोटारी, धारेची तीन चाकं, डोक्यावर पंखा आणि पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी. त्याच्याकडं पायानं फिरवायचं एक चाक, पाण्याचं घमेलं, चार दगड आणि बसायला पोत्याचा तुकडा. तरी गर्दी तिकडं. दिवाळी अंक काढणारे गुरुजी मला म्हणाले, मामा, धंद्याविषयी लिहा, तुमच्या कौशल्याविषयी लिहा. कौशल्याचं लिहितो. पण अडतीस वर्षं पोटात काय जळत होतं ते गाळून लिहिलं, तर अर्धंच लिहिल्यासारखं होईल.

गफूर आणि मी गुरुभाऊ. परभणीत एकाच उस्तादांकडं दोघांनी हात काळे केले. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. काम शिकून दोघंही जिंतूरला आलो, आणि जागा मिळाली ती समोरासमोर. पहिल्या दिवशी गफूरनं माझ्यासाठी चहा पाठवला. मी तो प्यालो आणि लगेच मोजायला लागलो, की त्याच्याकडं किती गिऱ्हाइकं आली आणि माझ्याकडं किती. ती सवय मग सुटलीच नाही.

माझा सख्खा मावसभाऊ टेलर. त्याची कात्री गफूरकडं. नुसती कात्री तिकडं दिली असती तरी मी गिळून बसलो असतो. पण हा पठ्ठ्या गफूरकडं गर्दी असली की नंबर येईपर्यंत माझ्या पायरीवर बसायचा, माझ्या माठातलं पाणी प्यायचा आणि वर मलाच विचारायचा, "काय लक्ष्मण, आज निवांत दिसायलास?" येलदरीहून मासे विकायला येणारे लोक, त्यांचे सुरे तिकडं. लग्नाचे आचारी तिकडं. कहर म्हणजे एक दिवस घरी जेवताना माझी नजर आमच्या विळीवर गेली. उठून पात्यावरून पुन्हा पुन्हा नख फिरवलं, खोट सापडेना, आणि ती धार माझ्या चाकाची नव्हती. माझी धार मी अंधारातही ओळखीन.

"ही विळी कुणाकडं दिली होती?" मी बायकोला विचारलं.

"गफूरभाईंकडं," ती पोळी लाटत म्हणाली. "तुमाला म्हैनाभर सांगायलेय, आणलं का कधी मनावर? त्यांनी उभ्या उभ्या लावून दिली."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतेत? लोक पण तिकडंच देतेत की!"

मी त्या दिवशी अर्ध्या पोळीवर उठलो. आता हसू येतं. तेव्हा नाही आलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, धार लावणं म्हणजे चाकावर पातं धरायचं आणि ठिणग्या उडवायच्या. ठिणगी उडते म्हणजे पोलाद उडतं. त्यामुळं किती घासायचं यापेक्षा कुठं थांबायचं हे कळावं लागतं. दुसरी गोष्ट पोलादाचं पाणी. पातं घडवताना लाल करून बुडवतात, त्याला पाणी देणं म्हणतात. त्या पाण्यामुळं पातं कडक होतं. मोटारीच्या चाकावर ते जास्त वेळ धरलं की तापतं, कडेला निळसर झाक येते, आणि पाणी उतरलं म्हणून समजा. मग त्या चाकूनं लोणी कापा. माझ्यावर लोकांचा आरोप असायचा की मोटारवाला पाणी उतरवतो. साफ खोटं. मी दर दोन श्वासांना पातं पाण्यात बुडवायचो. अडतीस वर्षांत माझ्या हातून एकाही पात्याचं पाणी उतरलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि पोलाद ओळखायचं तर ठिणगीवरून. आजकालचा चकचकीत स्टीलचा चाकू चाकाला लावला की दोन-चार लाल रेघा निघतात आणि विझतात. जुन्या काळ्या पोलादाला, म्हणजे ज्याला शिकलेले लोक कार्बन स्टील म्हणतात त्याला, चाक लागलं की ठिणगी पुढं जाऊन फुटते, तिला फाटे फुटतात, फुलबाजी लावल्यागत. या पोलादाला गंज लवकर चढतो, कांदा-लिंबू कापून तसंच ठेवलं की काळे डाग पडतात, आयाबायांना ते आवडत नाही. पण त्याच्यासारखी धार दुसरं कुठलंच पोलाद घेत नाही. असं पातं हातात आलं की मला जेवणाची आठवण राहायची नाही.

तर असं एक पातं चार वर्षांपूर्वी आषाढात माझ्या दुकानी आलं. मुद्दाम माझ्याकडं आलं नव्हतं. गफूरचं शटर बंद होतं म्हणून आलं होतं.

गफूर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला मुलीकडं गेला होता. त्याच्या बंद शटरसमोर एक म्हातारे गृहस्थ पाच मिनिटं उभे होते. मी ओळखलं. चारठाण्याच्या अलीकडच्या एका खेड्यातले किसनतात्या. सरकारी रोपवाटिकेत जन्म काढलेला माणूस. आंब्याची कलमं बांधावीत ती तात्यांनी, असं सगळा तालुका म्हणायचा. वर्षातून एकदा ते गफूरकडं यायचे, त्याच्या पोत्यावर बसायचे, आणि दोघं एका चाकूवर तासभर बोलायचे. काय बोलायचे ते मला इकडून ऐकू यायचं नाही. मान वाकडी करून दुखायची.

तात्या शेवटी रस्ता ओलांडून आले.

"गफूरभाई कवा येणार हायत?"

"म्हैना तरी लागंल. द्या की इकडं. आमी काय धार लावत न्हाई का?"

"तसं न्हाई हो लक्ष्मणराव. ह्या चाकूचं काम जरा येगळं हाय."

झोंबल्या मिरच्या नाकाला. पण मी हसून हात पुढं केला. तात्यांनी पिशवीतून चाकू काढला. मिटायचा चाकू, शिसवी मूठ, पितळेच्या पट्ट्या, आणि पातं गंजानं नुसतं विटकरीसारखं झालेलं. तात्या दोन वर्षं मणक्याच्या दुखण्यानं अंथरुणाला होते. घरात आवराआवर करताना त्यांच्या मंडळींनी चाकू युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. युरिया ओल धरतो. लोखंडाला त्याच्याइतका वैरी नाही.

"ह्यो माझ्या गुरूचा चाकू," तात्या म्हणाले. "त्यांना निजामाच्या बागंतल्या माळ्यानं दिला व्हता. म्या पन्नास वरसं ह्याच्यावरच कलमं बांधली. दुसरा चाकू हातात बसत न्हाई मला."

मग त्यांनी घाई कशाची आहे ते सांगितलं. त्यांच्या बांधाला, रस्त्याच्या कडेला एक जुनं आंब्याचं झाड होतं. खोबऱ्या आंबा म्हणायचे त्याला. गर पांढरट, चव ओल्या खोबऱ्यासारखी. त्या झाडाची जी कलमं तात्यांनी लोकांना दिली होती ती लोकांनी कधीच उपटून टाकली होती, कारण बाजारात केशर विकतो, खोबऱ्याला कोण विचारतो? आता रस्ता रुंद होणार होता आणि झाडावर खडूची फुली पडली होती.

"पंधरा दिसांत पाडणार हायत," तात्या म्हणाले. "पिशव्यांत चाळीस रोपं तयार केलेत. काड्या घेतो आन बांधतो. एवढं झालं की सुटलो. ह्यो आंबा आता दुसरीकडं कुठंच न्हाई बगा."

"आठ दिवसांत देतो."

"पाच दिसांत द्या. आन एक सांगतो, बैठक तेवढी सांभाळा. गफूरभाई लय सांभाळतेत बैठक."

बैठक. हा शब्द मी चाकूच्या बाबतीत एकाच अर्थानं ऐकला होता. मिटायच्या चाकूचं पातं मुठीत जिथं खिळीवर बसतं, ती बैठक. मी पातं उघडून हलवलं तर ते लटलटत होतं, खीळ झिजलेली. मला वाटलं, हेच म्हणतायत. तरी क्षणभर मनात आलं, विचारावं. गफूर काय सांभाळतो नेमकं? पण ते विचारायचं म्हणजे गफूरला काही माहीत आहे आणि मला नाही, हे गिऱ्हाइकासमोर कबूल करायचं. जीभ वळली नाही.

"बैठकीची काळजीच सोडा," मी म्हणालो.

ते पाच दिवस मी दुसरं कामच घेतलं नाही. पातं आधी दिवसभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं. मग चिंचेच्या कोळात. गंज मऊ पडला तसा तांब्याच्या तारेच्या घासणीनं उतरवला, लोखंडी घासणी लावली तर ओरखडे उठतात. मग पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून आधी शंभर नंबर, मग चारशे, मग हजार. गंजानं जिथं खड्डे पाडले होते तिथं जपून, कारण खड्ड्याच्या मागं लागलं तर पातं कागदासारखं पातळ होतं. तिसऱ्या दिवशी आतलं पोलाद वर आलं, करडं, निळ्या छटेचं, आणि मुठीजवळ परदेशी अक्षरांचा अर्धा पुसलेला शिक्का. झिजलेली खीळ काढली. पितळेची नवी खीळ घालून दोन्हीकडून इतकी बेताची ठोकली की पातं ना लटलटे ना अडके. मिटताना टक्क आवाज. मुठीला जवसाचं तेल पाजलं. बायको म्हणाली, "लग्नात माझ्याकडं एवढं बघितलं नव्हतं तुमी."

मग धार. आणि इथं माझ्या डोळ्यांना जे दिसलं त्यानं माझा आनंद पोटात मावेना. पात्याला एकाच बाजूनं उतार होता. दुसरी बाजू कोरी, पाटासारखी सपाट! म्हणजे इतकी वर्षं हा थोर माणूस, बाजाराचा लाडका गफूरभाई, एकाच बाजूनं धार लावत आला. अर्धं काम! मी पातं उजेडात धरून तीन वेळा बघितलं. समोरच्या बंद शटरकडं बघून मी मोठ्यानं हसलो, चहावाला पोरगा दचकला. मी चाक लावलं, थांबत थांबत, बुडवत बुडवत, आणि त्या सपाट बाजूलाही तितकाच उतार काढला. दोन्ही बाजू सारख्या. मग बारीक दगड, मग चामड्याचा पट्टा. मनगटावरचे केस नुसते पात्यानं शिवल्यावर गळत होते.

तात्या न्यायला आले. त्यांचे डोळे म्हातारे. त्यांनी चाकू उघडला, मिटला, टक्क आवाज ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "लक्ष्मणराव, गुरूनं दिला तवा असाच व्हता हो."

"धार बघा की धार. गफूरभाईनं तरी अशी कधी लावली का?"

"लय तेज हाय," तात्या म्हणाले.

त्या दिवशी मी घरी पेढे नेले. बायकोनं विचारलं कशाचे, तर सांगितलं नाही.

महिन्याभरानं तात्या परत आले. झाड पडलं होतं. जेसीबीनं बुंध्यासकट उपटलं होतं. तात्यांनी त्याच्या आधी दोन दिवस बसून चाळीस कलमं बांधली होती.

"वाळली की हो," ते म्हणाले. "तीन हिरवी हायत. बाकी सगळी काळी पडली. पन्नास वरसांत असं झालं न्हाई. काप घेतानीच कळायलं व्हतं, चाकू हातात वळायलाय, सरळ जाईना. म्हणलं, दोन वरसं पडून व्हतो, हात कापायलाय. न्हाईतर अशा चाकूवर..."

अशा चाकूवर, हे शब्द माझ्या कानाला इतके गोड लागले, की पुढं मी काय बोलतोय याचं भान राहिलं नाही. "धारेत तर खोट न्हाईच," मी म्हणालो. "वय झालं आता तात्या. हाताला पण वय असतं."

"व्हय," तात्या म्हणाले. "तसंच असंल."

आणि ते रस्ता ओलांडून गेले, कारण आदल्याच दिवशी गफूर हैदराबादहून परतला होता. काळा चष्मा लावून पोत्यावर बसला होता. मला इकडून दिसत होतं. तात्यांनी चाकू त्याच्या हातात दिला, काहीतरी सांगितलं आणि गेले. गफूरनं चाकू उघडला, पात्यावरून बोट फिरवलं. मग उठला, आणि माझ्याकडं आला. इतक्या वर्षांत तो स्वतःहून माझ्या दुकानी पाच-सहा वेळा आला असेल.

"तात्या चाकू देऊन गेले," तो म्हणाला. "म्हणले, आता माझ्याच्यानं कलम होत न्हाई, तुमच्याकडंच राहू द्या." मग त्यानं आवाज खाली केला. "लक्ष्मण, इसकी बैठक किधर गई?"

"बैठक? पक्की बसवलीय. पितळेची खीळ हाय, बघ की."

त्यानं माझा अंगठा धरला आणि पात्याच्या कडेवर टेकवला, ज्या बाजूला मी नवा उतार काढला होता तिथं. "ये बैठक," तो म्हणाला. "ये बाजू सपाट रहना. लकडी पे बैठती ना, इसलिए बैठक."

मग त्यानं सांगितलं ते मी साध्या शब्दांत सांगतो. कलम म्हणजे दोन काप. एक रोपावर, एक काडीवर. दोन्ही काप आरशासारखे सपाट पाहिजेत, एकमेकांवर टेकवले की मधून उजेड दिसता कामा नये. चाकूची एक बाजू सपाट असेल तर ती लाकडावर टेकून सरळ चालते. दोन्ही बाजूंना उतार असला की चाकू लाकडावर सपाट टेकत नाही, काप आत वळतो, मधे पोकळ राहते. मग ती काडी वाळते. कलमाच्या चाकूला म्हणून एकाच बाजूनं धार असते. जगात सगळीकडं. मला माहीत नव्हतं, कारण माझ्याकडं कलमाचा चाकू कधी कुणी आणलाच नव्हता.

माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? तात्यांचा नाही आला. झाडाचा नाही आला. पहिला विचार आला तो हा, की हे गफूरला माहीत होतं. मागून दुसरं सगळं आलं, तात्यांचं "तसंच असंल", आणि मी तोंड वर करून म्हणालेलं वय. मी स्टुलावर बसलो.

गफूरनं माझ्याकडं बघितलं. चष्म्यामुळं त्याचे डोळे दिसत नव्हते. "मैं बोलता तात्याको," तो म्हणाला. "लोहा पुराना हो गया, थक गया, बोलता. तेरा नाव न्हाई येणार. जाऊ दे, झालं ते झालं."

खरंच सांगतो, त्या घडीला मला त्याची थोबाडीत द्यावीशी वाटली. चांगुलपणासुद्धा यानंच करायचा! माझ्या चुकीवर पांघरूण घालायचा मानही यालाच!

"काही नको," मी म्हणालो. "मी स्वतः जाऊन सांगतो."

लोक म्हणतात लक्ष्मणरावांनी मोठ्या मनानं कबूल केलं. मन वगैरे काही नव्हतं. माझ्या नावानं गफूर मोठा होतोय, हे मला बघवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं गेलो. रस्त्याच्या कडेला झाडाच्या जागी लाल मुरमाचा खड्डा होता, मी तिकडं बघणं टाळलं. तात्या ओसरीवर बसले होते. त्यांच्या मंडळी, सुभद्राकाकू, चहा घेऊन आल्या. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं. बैठक म्हणजे मला काय वाटलं, मी विचारलं का नाही, आणि धार कुठं लावली. गफूरचं अर्धं काम पकडलं म्हणून मी हसलो होतो, हेही सांगितलं.

तात्यांनी उजवा हात पुढं धरला, उलटा केला, सुलटा केला.

"म्हंजी माझा हात गेला न्हाई?"

"न्हाई तात्या."

"अगं ऐकलंस का!" ते ओरडले. "माझा हात हाय! हात गेला न्हाई म्हणायलेत हे!" काकू दारात आल्या. तात्या हसत होते, गुडघ्यावर थापा मारत होते. मला वाटलं, सुटलो. मीही हसायला गेलो.

तेवढ्यात त्यांचं हसू थांबलं.

"खोबऱ्या गेला की हो पण," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "आन मला वय झालं म्हणलात तुमी. तोंडावर. कलमं वाळली तवापासून भाकर मोडतानी सुदीक मी ह्या हाताकडं बघायलोय. हिच्याम्होरं वाटी धरायची लाज वाटायली मला. एक शब्द इचारला असता, तात्या, बैठक म्हंजी काय? जीभ झडली असती का तुमची?"

"चूक झाली."

"चूक न्हाई ही. चूक आमच्या हिनं केली, युरियाच्या पोत्यात ठिवला. तुमचं येगळं हाय." त्यांनी काकूंना खूण केली. काकूंनी माझ्यापुढचा चहा उचलून आत नेला. "बैठक काढून आणा पयल्यासारखी. तवर माझ्याशी बोलू नका."

वाचणाऱ्यांच्या जिवाला घोर नको म्हणून इथंच सांगतो, ती तीन हिरवी कलमं जगली. पुढच्या वर्षी तात्यांनी त्यांच्यावरच्या काड्या घेऊन आणखी बांधली. आज खोबऱ्याची एकोणीस झाडं उभी आहेत, कमरेएवढी. पण जे आंबे त्या एका मोठ्या झाडाला लागायचे, ते बघायला तात्यांना अजून किती वर्षं लागतील ते मला माहीत आहे आणि त्यांनाही.

परत आलो ते गफूरच्या दुकानात. चाकू तिथंच होता. मला वाटलं, तो म्हणेल, दे, मी काढतो. म्हणाला नाही. चष्मा काढून त्यानं मला डोळे दाखवले. एकावर ऑपरेशन होऊनही पडदा धरलेलाच. "बारीक काम अब नहीं होता," तो म्हणाला. "डॉक्टर बोल्या, इतनाच दिखेगा."

"मग मी कसं करू? कुठवर घासू?" मी विचारलं. उस्तादांकडून निघाल्यापासून मी गफूरला धंद्यातलं काही विचारलं, ते हे पहिलं.

त्यानं सगळं सांगितलं. मोटार बंद कर. चाकाचं तोंडही बघू नको. सपाट दगड घे, आधी दगडच दुसऱ्या दगडावर घासून सरळ कर. पातं पूर्ण आडवं टेकव, बोटं तीन ठिकाणी, आणि जोर मागं ओढताना नको. मधून मधून पात्याला काजळी लावायची. जिथली काजळी पुसली गेली नाही, तिथं अजून खोल आहे. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हा एवढं बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं. तात्यांबरोबर तासभर हेच बोलायचा.

तीन दिवस लागले. मी काढलेला उतार नाहीसा व्हायला पात्याची ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी रुंदी गेली. इतक्या वर्षांत गफूरनं घालवली नसेल तेवढी मी एका महिन्यात घालवली. तिसऱ्या दिवशी दुपारी काजळी सगळीकडून एकसारखी पुसली गेली. बोटांची साल निघाली होती. मग दुसऱ्या बाजूचा उतार तेवढा दगडावर आणला, पट्टा मारला आणि तात्यांना निरोप धाडला.

मंगळवारच्या बाजाराला तात्या आले. सरळ गफूरच्या पोत्यावर जाऊन बसले. मी चाकू घेऊन रस्ता ओलांडला. तात्या माझ्याशी बोलले नाहीत, फक्त हात पुढं केला. पिशवीतून त्यांनी रायवळ आंब्याची एक काडी काढली. चाकू टेकवला आणि एका ओढीत तिरपा काप घेतला. दुसऱ्या तुकड्यावर तसाच काप. दोन्ही टेकवून उन्हात धरले, बराच वेळ फिरवून बघितले. उजेड कुठंच नव्हता. त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"लक्ष्मणराव," ते म्हणाले, आणि मी श्वास सोडला. "बैठक बसली." मग ते गफूरकडं वळले. "गफूरभाई, वाईट वाटून घेऊ नका, पण असा काप मला तुमच्या धारंवर बी कधी आला न्हाई. पयल्यापरीस बरी बैठक काढलीय ह्यांनी."

हे वाक्य. गफूरच्या दुकानात, गफूरच्या पोत्यावर, त्याच्याच गिऱ्हाइकाच्या तोंडून. इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली ते हे. मी गफूरकडं बघितलं.

त्यानं तात्यांच्या हातून चाकू घेतला होता. डोळ्यांजवळ नेला, दिसेना, तसा लांब धरला. मग सपाट बाजूवरून नख फिरवलं. परत फिरवलं. टोकापासून मुठीपर्यंत, मुठीपासून टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा. तो काय करतोय ते मला लगेच कळलं, कारण आमच्या घरातल्या विळीवरून मी तसंच नख फिरवलं होतं. कुठंतरी एखादा उंचवटा लागावा, एवढीच त्याची इच्छा होती. उंचवटा नव्हता. त्याचा चेहरा आखडला होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि मी वाट बघत राहिलो, पण तो काही आला नाही.

"कितने दिन लगे?" गफूरनं विचारलं.

"तीन."

"मला एका दिवसात व्हायचं," तो म्हणाला.

"हौ भाई," मी म्हणालो. "तुला एकच दिवस लागायचा."